गुंडाप्पांची चावी

आमच्याकडं ट्रेडमिल छातीत कळ आल्यावर घेतात आणि थोड्याच दिवसांत त्यावर टॉवेल वाळत घालतात. नळदुर्गला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारींच्या गर्दीत असं एखादं यंत्र आलं की मला हसू येतं. त्या दुपारीही मी हसतच जळकोटला निघालो.

पुण्याहून गुंडाप्पांच्या मुलाचा, महांतेशचा फोन आला होता. "बलभीमकाका, अप्पा गेल्यापासून त्यांचं ट्रेडमिल आपोआप चालतंय म्हणती आई. ते थांबल्याबिगर घर सोडत न्हाय. आज न्यायला येतोय मी, तेवढं बंद करून ठेवा. एकटी झुरून मरंल ओ ती."

मल्लम्माकाकूंनी दार उघडलं. पार वाळल्या होत्या. गावात सकाळपासून लाइट नव्हती. आतल्या खोलीत उकडत होतं, विभूतीचा वास कोंडला होता. यंत्र भिंतीशी गप्प उभं होतं.

"चावी कुठंय, काकू?"

ही चावी म्हणजे लोहचुंबकाचा लाल तुकडा. त्याच्या दोरीचा चिमटा चालणाऱ्यानं अंगावरच्या कपड्याला लावायचा. माणूस पडला की चावी निसटते, मोटार थांबते. चावी खाचेत नसेल तर यंत्र सुरूच होत नाही.

"त्यांच्यासंगं गेली," काकू म्हणाल्या. "हरवती म्हणून दोरी गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्यालाच बांधायचे. गेल्यावर लिंगाचा दोरा कोण सोडणार? तसंच बसवून मातीत समाधी दिली."

"मग हे चालायचंच न्हाय. उंदीर-बिंदीर खुडबुडत असंल." मी ठासून सांगितलं. लाइट नव्हतीच, तरी प्लग काढून घेतला आणि झाकण उघडलं. मोटार, तिच्यावरून पुढच्या रोलरला जाणारा बेल्ट, शेजारी बोर्ड. सगळं जागच्या जागी. मोटारीला हात लावला आणि झटकन मागं घेतला. चटका बसला होता.

तेवढ्यात पट्टा सरकला.

थप्... थप्... पाय पडावा तसा पट्टा मधेच दबत होता आणि मागं जात होता. मोटार पट्ट्याला ओढत नव्हती, पट्टाच मोटारीला फिरवत होता. फिरवलेली मोटार वीज करते, म्हणून पडद्यावरचे आकडे लुकलुकले, एवढं मला कळलं. पुढचं कळेना.

"डॉक्टर म्हनले, शुगर हाय, चाला," काकू रडत म्हणाल्या. "म्या रोज मागं लागायचे, अजून थोडं, अजून थोडं... गेले त्या दिवशी म्हनले, दमलो गं. तरी म्या म्हनलं, अजून थोडं..."

"मग सांगा की आता त्यांना," मी कसंबसं म्हणालो. "पुरे म्हणा."

काकूंनी पदर सावरला. मग घरातल्या कानडीत, अगदी हळू म्हणाल्या, "साकु री... ईग कुंद्री." पुरे हो, बसा आता.

पट्टा थांबला. काहीतरी खाली पडलं. लाल चावी. दोरीच्या गाठीत ओली काळी माती रुतली होती.

काकूंनी ती उचलून छातीशी धरली. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बसले," त्या म्हणाल्या. माझाही जीव भांड्यात पडला. संध्याकाळी महांतेश येईल, आईला घेऊन जाईल. मी वाकून झाकणाचे स्क्रू आवळू लागलो.

वर चिमटा वाजला.

काकू पट्ट्यावर उभ्या होत्या. चिमटा पदराला, चावी खाचेत.

"काकू... उतरा."

"मलाबी शुगर हाय न्हवं," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते म्हनतेत, आता तू चल."

पट्टा सुरू झाला. काकू चालू लागल्या, मग भराभर, मग धापा टाकत. मी दोरी हिसडली. चावी निघून माझ्या हातात आली. पट्टा थांबला नाही. काढलेला प्लग जमिनीवर तसाच पडला होता.

"दमले ओ..." काकू कळवळून म्हणाल्या.

खिशात फोन वाजत होता, महांतेशचाच असणार. आणि माझ्या खांद्यामागून एक दमलेला, मायेचा, पुरुषाचा आवाज आला, "अजून थोडं, मल्लम्मा... अजून थोडं."