परतीचा काटा

आयुधपूजेची दुपार. बेंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, विठोजीअण्णांच्या वर्कशॉपात लेथला झेंडू, ड्रिलला कुंकू, दाराशी फोडलेला कोहळा. यंत्रांना सुट्टी. इंजिनिअर चंद्रकांतला मात्र कसली सुट्टी! संध्याकाळी ट्रक येणार, त्याने घडवलेली अँटेना गुजरातच्या संशोधन संस्थेत जाणार. आज चाचणीत नापास झाली तर परदेशी माल मागवू, असं संस्थेने बजावलंच होतं. म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

अँटेना म्हणजे शेजारी शेजारी जोडलेल्या चौकोनी पितळी नळ्या. प्रत्येकीतून लहर किंचित मागाहून सुटायची, कीर्तनात टाळकऱ्यांच्या रांगेतून ठेका पुढे पुढे सरकावा तशी. त्या रेट्याने संस्थेच्या बांगडीसारख्या भट्टीतला धगधगता वायू एकाच दिशेला पळायचा.

"सर, आज हत्यारं झोपलीत," अण्णा म्हणाले. त्यांच्या कैक पिढ्या बेंगळुरातच गेलेल्या. "स्वल्प थांबा. उद्या करू."

"ट्रक थांबेल का, अण्णा? देव समजून घेईल. तो काय फॅक्टरी इन्स्पेक्टर आहे?"

"देव घेईल हो. हत्यारांचं काय?"

चंद्रकांत हसला आणि त्याने चाचणीपुरत्या लहरी सोडणारं बटण दाबलं. समोर भट्टी नाही, नुसती हवा. म्हणजे बरीचशी शक्ती नळ्यांतून माघारी यायला हवी. पण परतीचा काटा शून्यावरून हलेना.

त्याने मीटर बदलला. जोडण्या आवळल्या. शून्यच.

समोर काहीतरी सगळं पीत होतं.

"अण्णा, तिकडे काय आहे?"

"काय असणार? भिंत!"

एवढ्यात पूजेच्या उदबत्तीचा धूर नळ्यांच्या तोंडापुढे वळला. त्याची बांगडी झाली. बांगडी सावकाश फिरू लागली.

चंद्रकांतने लहरींचा क्रम उलटा केला. धूर थबकला आणि उलटा फिरू लागला.

"चालली, अण्णा! चालली!" तो लहान पोरासारखा ओरडला, आणि दुसऱ्याच क्षणी त्याने शक्तीचा आकडा पुन्हा पाहिला. एवढ्याशा शक्तीने पीसही हलणार नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

त्याने बटण बंद केलं.

बांगडी फिरतच राहिली.

अण्णांनी उदबत्ती पाण्यात बुडवली. धूर संपला नाही.

चंद्रकांतच्या ओठांवर नाम आलं, पण पहिल्या अक्षरापुढे सरकेना. त्याने वीजपुरवठ्याची केबलच उपटून हातात घेतली.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

"सर," अण्णा हळूच म्हणाले, "पेटीत घालायची?"

त्याने मीटरकडे पाहिलं. जाणाऱ्या शक्तीचा काटा शून्यावर होता. परतीचा काटा मात्र वर चढला, खाली आला, पुन्हा चढला; गाढ झोपलेल्या माणसाचं पोट हलतं तसा.

मग मध्येच थांबला. जाग आल्यासारखा.