मधला पट्टा

त्या शनिवारी मी गांधीबागेच्या बाजारात खराटे घ्यायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "लग्नाचा हॉल झाडायचा का, काकाजी?"

मी म्हटलं, "नाही, जंगल."

त्याने मला नीट न्याहाळलं आणि पैसे आधी मागितले.

जंगल झाडणं वाटतं तेवढं वेडेपणाचं नाही. नागपूरच्या उत्तरेला भिवकुंडाची टेकडी आहे. तिच्यावरची पायवाट दोन मंडळं मिळून सांभाळतात. एक आमचं, लकडगंजातल्या बागेत सकाळी फिरणाऱ्या निवृत्तांचं. दुसरं दामिनीचं, म्हणजे सुटीच्या दिवशी पाठीला पिशव्या बांधून डोंगर चढणाऱ्या तरुण पोरांचं. आम्ही अनुभव आणतो, ते कुदळी आणतात. पावसाने निसटलेले दगड बसवायचे, चोरवाटा काटेरी फांद्या टाकून बंद करायच्या आणि सागाची पानं गळली की जाळरेषा काढायची.

जाळरेषा म्हणजे वाटेच्या कडेने दोन समांतर पट्टे झाडून माती उघडी करायची आणि मधला पाचोळ्याचा पट्टा आपणच जाळून टाकायचा. उन्हाळ्यात वणवा आलाच तर तिथे त्याला खायला काही उरत नाही. आमचं मंडळ वरून झाडत खाली येतं, पोरं खालून वर. मध्ये गाठ पडली की प्रत्येकाने आपल्या टोकाला परत जायचं. मग वरून एक लांब शिटी: आमची माणसं बाहेर आली. खालून दुसरी: आमचीही आली. दोन्ही झाल्या की दामिनी पेटवते.

वरची शिटी माझ्याकडे होती, कारण मी नोकरीभर हजेरीपट सांभाळला. गैरहजर माणसाला हजर दाखवण्याचा माझ्याइतका अनुभव मंडळात दुसऱ्या कुणाला नव्हता. हे अर्थात मंडळाला ठाऊक नव्हतं.

आता यमुताई. निवृत्त शिक्षिका, वयाने आमच्या, स्वभावाने पोरांच्या. सुरुवात आमच्याबरोबर करायच्या आणि झाडता झाडता पोरांत मिसळायच्या. परतताना कधी आमच्यासोबत वर, कधी त्यांच्यासोबत खाली. आमच्या हिशेबात त्या निम्म्या आणि पोरांच्या हिशेबातही निम्म्या. अशा माणसाची बेरीज कुणीच करत नाही.

त्या रविवारी त्या आल्या होत्या. सगळ्यांनी पाहिलं. मला त्यांनी गुळाचा खडा दिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, खराटा लेखणीसारखा काहून धरता? जरा वाका ना!"

"वाकायची सवय निवृत्तीनंतर सोडली," मी म्हटलं. त्या हसल्या आणि पुढे गेल्या.

दुपार होता होता आम्ही वर परतलो. माझी कंबर बोलायला लागली होती. गिरिधर हा माझा शेजारी. त्याने पोहे आणि त्यांवर ओतायच्या झणझणीत रश्श्याचा, तर्रीचा, डबा आणला होता, पण शिटी झाल्याशिवाय पोह्यांना हात लावायचा नाही असा आमचा नियम. झाकणाच्या फटीतून वास येत होता.

"यमुताई दिसून नाही राहिल्या, मधुकरराव," गिरिधर म्हणाला.

"खाली गेल्या असतील. पोरांकडे."

"पाहून येऊ का?"

खालून, उताराच्या मधून, खराट्याचा आवाज येत होता. खर्र... खर्र... सागाचं वाळलेलं पान मोठं असतं, त्याचा आवाज दूर जातो. कुणीतरी अजून आत होतं, हे मला कळलं होतं. तुमच्यापासून काय लपवायचं? मी स्वतःला सांगितलं, पोरं असतील, आपल्या टोकाला झाडत असतील. आणि म्हटलं, "बस गा. तर्री थंड होऊन राहिली."

मी शिटी मारली. खालून दुसरी आली.

धूर आधी पांढरा येतो, मग पिवळट. पानं तडतडायला लागली. आम्ही पोह्यांवर तर्री ओतली. दुसरा घास तोंडात होता तेव्हा गिरिधरने हात थांबवला.

"ऐका..."

तडतडीच्या आतून आवाज येत होता. खर्र... खर्र... घाई नाही, ओरडणं नाही. वर्गात फळा पुसावा तसा, एका लयीत. धुराचा पट्टा वर सरकत होता आणि आवाज त्याच्याबरोबर सरकत होता. मग तो थांबला.

मी शिटीवर शिटी मारत कडेच्या झाडलेल्या पट्ट्यावरून खाली धावलो. या वयात धावणं म्हणजे पडायचं लांबवणं. अर्ध्यात दामिनी भेटली, पाण्याचा पंप पाठीवर.

"काय झालं, काका?"

"यमुताई तुमच्याकडे आहेत ना?"

तिचा चेहरा उतरला. "आमच्याकडे? त्या तर तुमच्यासोबत वर गेल्या ना..."

आग विझवून आम्ही काळा पट्टा वीतवीत पाहिला. काही सापडलं नाही. काहीच नाही. फक्त एका ठिकाणी, भर जळलेल्या भागात, बैठकीच्या सतरंजीएवढी जमीन स्वच्छ झाडलेली होती. राख नव्हती तिच्यावर. खराट्याच्या काड्यांच्या रेघा ओल्या मातीवर उठाव्यात तशा उमटल्या होत्या, सगळ्या आतून बाहेर. आत उभं राहून कुणीतरी आपल्याभोवती जागा करत होतं.

"फोन लावा त्यांच्या घरी," दामिनी हळू म्हणाली. मी फोन तिच्या हातात दिला. तिनेच लावला आणि माझ्या कानाला धरला.

त्यांची सून वेदिका बोलली. "आई? त्या तर झोपल्या आहेत, काका. कालपासून ताप आहे. मीच जाऊ नाही दिलं आज. काहून?"

काय सांगणार? मी म्हटलं, "सहज. तब्येत विचारायला." आणि खाली बसलो. गिरिधर हसायला लागला, मग दामिनी, मग मी. उन्हात माणसाला काहीही दिसतं, असं ठरलं. सगळ्यांना एकदम कसं दिसतं, हा प्रश्न कुणी काढला नाही. गुळाची चव माझ्या दाढेत होती. मी चूळ भरली.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. खोलीत अगरबत्ती लावली होती, तरी तिच्या खाली दुसरा, जळलेल्या पानांचा वास होता. यमुताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे लाल, आवाज बसलेला. वेदिका चहा करायला आत गेली तशा त्या माझ्याकडे वळल्या. राग नव्हता. एखादं गणित चुकलेल्या मुलाला विचारावं तसं विचारलं,

"भाऊजी... शिटी काहून मारली? मी आतच होती ना."

मी म्हणायला हवं होतं, चुकलं माझं. एवढंच तर म्हणायचं होतं. पण कपबशा वाजल्या, वेदिका आली, आणि मी म्हटलं, "तापात भास होतात, ताई. आराम करा."

त्यांनी चादर ओढून घेतली. मग भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

चार दिवसांनी त्या गेल्या. घाटावर त्यांच्या मुलाने मला बाजूला घेतलं. डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं, घरी चुलीवर स्वयंपाक करता का? छातीत धूर भरलाय. "आमच्याकडे तर गॅस आहे, काका," तो म्हणाला. "हे कसं काय?"

मी म्हटलं, "प्रदूषण."

तो शब्द मला तिथल्या तिथे सुचला. आयुष्यभर फायलींवर शेरे मारल्याचा हा फायदा.

दामिनीला खरं सांगावं म्हणून दोनदा फोन हातात घेतला. पण सांगायचं काय? आत कुणी आहे हे ऐकूनही मी पोह्यांसाठी शिटी मारली, आणि आत जी होती ती घरी निजलेली होती? पहिलं वाक्य सांगायची लाज वाटली, दुसऱ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. गिरिधरने तो विषय पुन्हा काढला नाही. आम्ही बागेत फिरायचो तेव्हा तो आता माझ्या एक पाऊल पुढे चालायचा.

टेकडीची दुसरी बाजू झाडायची राहिली होती. त्यासाठी ठरलेला रविवार म्हणजे आजचा. मी जाणार नव्हतो. शुक्रवारीच गिरिधरच्या घरी शिटी देऊन आलो होतो आणि म्हटलं होतं, "यंदा तू मार. सगळी माणसं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मारू नको." काल रात्री अंगात कणकण आली. माझी बायको गोपिका म्हणाली, पडून राहा. मी सकाळपासून या खाटेवर पडून आहे.

मघाशी दामिनीचा फोन आला. मागे पोरांचा गलका होता.

"काका, पोहोचले का वर? गुडघा दुखून राहिला होता ना तुमचा?"

"दामिनी, मी घरी आहे."

"काय मजाक करता, काका! मघाशी तर आमच्याजवळून वर गेले. मी पाणी दिलं तुम्हाला."

मी उठून बसलो. "ऐक. पेटवू नका. गिरिधरला सांग, मी आत आहे... जो कोणी दिसला असेल, तो आत आहे. आधी शोधा त्याला."

"वरून शिटी तर केव्हाच झाली," ती म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. "काका... तुम्ही खरंच घरी आहात?"

"दामिनी, पेटवलं का?"

ती काहीतरी म्हणाली, पण टेकडीवर रेंज धड नसते. फोन गेला. पुन्हा लावला, पुन्हा लावला. लागत नाही.

मी यमुताईंची क्षमा मागायला तोंड उघडलं. शब्दाऐवजी खोकला आला. तो ऐकून गोपिका स्वयंपाकघरातून आली. उंबऱ्यातच थबकली, पदर नाकाला लावला आणि भराभर खिडक्या उघडायला गेली.

खिडक्या सकाळपासून उघड्याच होत्या.