सहापैकी एकच घर

दार लोटून घ्या आणि ते मोबाइल पालथे घाला. सांगतो. पण मध्ये हसायचं नाही, आणि कोणाला झोप लागली नाही तर सकाळी तुमच्या आईने माझ्या नावाने बोंब मारायची नाही.

माझा साडू तुम्ही पाहिलाय. तुमच्या काकूच्या थोरल्या बहिणीचा नवरा. घरात सगळे त्याला नन्ना म्हणतात, कारण काहीही विचारा, पहिला शब्द ‘नाही’. चहा घेणार? नाही. मग दोन कप पितो. सैन्यात असताना हत्यारं दुरुस्त करायच्या कारखान्यात होता. निवृत्त झाल्यावर जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरांची पारख करायला लागला. हौशी लोक असली हत्यारं जमवतात. त्यातलं खरं कुठलं, बनावट कुठलं, कुठला भाग मागाहून बसवलाय, मोल काय, हे तो बघतो आणि लिहून खाली सही करतो. तो उद्धट आहे, भांडकुदळ आहे. तीस वर्षं त्याच्याशी भांडतोय मी. पण त्याची सही कधी खोटी निघाली नाही, आणि त्याच्याकडे मिरवायला तेवढी एकच गोष्ट आहे.

तर गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. या जमवणाऱ्यांच्या संघटनेचे जे अध्यक्ष, त्यांचं बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शन होतं, आणि त्यात मधोमध मांडायचं होतं अध्यक्षांच्या आजोबांचं रिव्हॉल्व्हर. त्याला नन्नाचा दाखला हवा होता. हत्यार घराबाहेर काढायचं नाही, म्हणून नन्नाच त्यांच्याकडे गेला. दुमजली घर, वरच्या मजल्यावर अभ्यासिका, काचेची कपाटं, खिडकीशी मोठं टेबल, कोपऱ्यात पाहुण्यासाठी अरुंद पलंग. भिंतीवर गणवेशातले आजोबा.

अध्यक्षांनी हकीकत सांगितली. लढाईत माघार चाललेली. आजोबा पुलावर एकटे उभे राहिले, सहाच्या सहा गोळ्या झाडल्या आणि शत्रूला थोपवलं. एकटे का? तर त्यांचा अर्दली, म्हणजे हाताखालचा शिपाई, भित्रा निघाला आणि अंधारात पळून गेला. पुन्हा कोणाला दिसला नाही. त्याच्या घरच्यांना पुढे कोणी दारात उभं केलं नाही म्हणे. हे सांगताना अध्यक्ष हसले. पितळी पाटीसुद्धा तयार होती, ‘सहा गोळ्या, एक वीर’ अशी कोरलेली.

नन्नाने रिव्हॉल्व्हर उजेडात घेतलं. अंगावरचा नंबर, नळीवरचा नंबर, चक्रावरचा नंबर, तिन्ही एक. स्क्रूंना कोणी हात लावलेला नाही. माल अस्सल होता. तो स्वतःशीच खूश झाला. मग त्याने चक्र बाहेर काढलं. चक्र म्हणजे तो फिरता भाग, ज्यात गोळ्यांची सहा घरं असतात. एकेका घरात बारीक दिवा घालून त्याने पाहिलं. पाच घरं आतून गुळगुळीत होती. सहावं गंजाने खाल्लेलं होतं, देवीच्या व्रणांसारखं.

आता नीट ऐका. त्या काळच्या गोळ्यांची दारू वाईट. गोळी झाडली आणि त्याच रात्री घर पुसून तेल दिलं नाही, तर लोखंड सडतं. पुढे गंज काढता येतो, पण गंजाने खाल्लेलं परत आणता येत नाही. सहा गोळ्या सुटल्या असत्या आणि साफसफाई राहिली असती, तर सहाही घरं खाल्लेली दिसली असती. सहा झाडून पाचच घरं पुसणारा शिपाई अजून जन्मायचाय. म्हणजे ते हत्यार शेवटचं चाललं तेव्हा त्यातून एकच गोळी सुटली होती.

“आणि ते घर पुसलं का नाही?” हेच विचारायचंय ना तुला? नन्नालाही तेच कोडं पडलं. अधिकारी स्वतःचं हत्यार स्वतः पुसत नसत. ते काम अर्दलीचं. पूर्वीच्या सगळ्या रात्री त्याने चोख पुसलं होतं, ती पाच घरं सांगत होती. त्या एका रात्री मात्र पुसणारा...

असो.

नन्नाने अध्यक्षांना बोलावून दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, “अहो, इतकं बारीक कोण बघतंय?”

“मी.”

“लिहून टाका हो सहा. आजोबा गेले, तो पळपुटाही कुठेतरी मेला असेल. कोणाचं काय बिघडतंय?”

“नाही.”

अध्यक्षांचा आवाज गोड झाला. असा गोड आवाज फार वाईट. “माझ्या शब्दाबाहेर इथला एकही संग्राहक नाही. सकाळी सही मिळाली नाही तर तुमच्यासाठी पुन्हा एकही कपाट उघडणार नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? झोपा. विचार करा.” आणि ते खाली गेले. जाताना जिन्याचं दार बाहेरून लावल्याचा आवाज आला. चोरांची भीती, दुसरं काय.

नन्ना झोपला नाही. मला म्हणाला, “डगमगलो नाही असं नाही. तुझ्या मेहुणीचा चेहरा आला डोळ्यासमोर. पेन्शनीत दोघांचं भागतं, पण घरी रिकामं बसवलं तर मी भिंतींशी भांडेन. आणि ‘सहा’ लिहायला वेळ तो किती लागतो?” टेबलाशी बसला. समोर दाखल्याचा कोरा कागद. डावीकडे रिव्हॉल्व्हर, उजवीकडे कापडावर सुटं काढलेलं चक्र. हे लक्षात ठेवा. चक्र बाहेर होतं. ते हत्यार चालूच शकत नव्हतं.

सव्वा वाजला होता.

आधी वास आला. जळक्या दारूचा. खिडकी बंद होती.

मग कापडावरचं चक्र हललं. थोडंसंच. थांबलं. पुन्हा हललं.

नन्नाने पेन उचललं.

मागून आवाज आला. मोठा नाही. हुकूम देणाऱ्याला मोठा आवाज लागत नाही.

“लिही. सहा.”

जन्मभर असल्या आवाजापुढे टाचा जुळवलेला माणूस. त्याच्या टाचा आपोआप जुळल्या. खुर्चीत बसल्या बसल्या. त्याचाच त्याला राग आला.

“कोण?” त्याने विचारलं.

मानेवर काहीतरी टेकलं. गार. गोल. नळीच्या तोंडाएवढा. ती रुंदी त्याने झोपायच्या आधीच मोजली होती. आणि रिव्हॉल्व्हर तर समोर होतं. टेबलावर. डोळ्यांपुढे.

“सहा.”

“नाही,” नन्ना म्हणाला.

घोडा मागे ओढल्याचा आवाज. कानाजवळ. समोरच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा जागचा हलला नव्हता.

घाम कागदावर पडला. त्याने बाहीने पुसला. आणि लिहायला लागला. मोठ्याने वाचत. हत्यार अस्सल. तिन्ही नंबर जुळतात. शेवटच्या वेळी सुटलेली गोळी...

गार गोल जोरात रुतला.

“...एक.”

खोलीत कोणीतरी श्वास घेतला. नन्नाचा नव्हता तो.

“मी पेन्शनीत आहे, साहेब,” नन्ना म्हणाला. मागे न बघता. “तुमचा हुकूम आता मला लागू नाही. मेलात म्हणून तुम्ही खरे होत नाही. झाडायची तर झाडा. एकदा त्या अर्दलीवर झाडून बघितलीत ना? तोंड बंद झालं त्याचं? हे सहावं घर बोलतंय की अजून.”

...

आणि त्याने सही केली. ठसठशीत. नेहमीपेक्षा मोठी.

खट्.

रिकामा घोडा पडला. मानेवरचा गारठा गेला. वास गेला. मग नन्नाच्या म्हणण्याप्रमाणे त्याने टेबलावर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा रडला. भीतीने नाही. एवढी वर्षं त्या अर्दली पोराला भित्रा म्हणत आले होते, म्हणून. मी त्याला रडताना कधी पाहिलेलं नाही, पण यात तो खोटं बोलणार नाही.

तिथेच त्याला झोप लागली. उजाडल्यावर अध्यक्षांनी दार उघडलं. वर आले, आणि नन्नाला उठवायच्या आधी त्याच्या हाताखालून कागद ओढून घेतला.

वाचला. पुन्हा वाचला. मग खुर्चीत बसले. नन्नाला वाटलं, आता आरडाओरडा होणार. पण अध्यक्षांनी फक्त कागद त्याच्याकडे फिरवला आणि विचारलं, “हा कोणाचा?”

त्या दिवशी पितळी पाटी लागली नाही. नन्नाला त्यांच्याकडून पुन्हा बोलावणंही आलं नाही. ते रिव्हॉल्व्हर कुठे आहे, कोणाला ठाऊक नाही. दाखल्याचा कागद मात्र नन्नाने परत दिला नाही. तो मी या डोळ्यांनी पाहिलाय.

नन्नाची सही आहे. आणि तिच्या खाली, साक्षीदार करतो तिथे, एक अंगठा उठलाय. लहानसा, विशीतल्या पोराचा असावा तसा. शाईचा नाही, गंजाचा. मी पाहिला तेव्हा तीन महिने होऊन गेले होते.

तो अजून ओला होता.