दहा सेकंदांची किल्ली

माझं कुलूप कुणाच्या बापाच्यानं उघडायचं नाही, असं मी बेळगावभर सांगत फिरते. गर्व म्हणा, चालेल. आमची कंपनी कुस्तीची मैदानं टीव्हीवर थेट दाखवते आणि ते चित्र चोरांपासून राखायचं काम माझं. दर दहा सेकंदांच्या चित्राला नवी किल्ली, म्हणजे आकड्यांचा गुप्त संकेत. दहा सेकंद सरले की ती मेली. पुढची किल्ली आधी कुठंच नसते. वेळ आली की यंत्र ती तयार करतं.

त्या दुपारी कंग्राळीच्या मैदानात मी लॅपटॉप घेऊन मातीच्या कडेला बसले होते. शेवटची जोड माझ्या भावाची, युवराजची. गेल्या साली मानेला मार बसून तो सहा महिने अंथरुणात होता. पुन्हा उतरणार म्हटल्यावर आईनं दोन दिवस जेवण सोडलं. पोराची कुस्ती मैदानात बसून बघायची नाही, हा तिचा नेम. म्हणून मीच घरच्या टीव्हीला आमच्या कंपनीचा बॉक्स जोडून दिला होता.

चार वाजता तिचा फोन आला.

"दिपे, जिकला गं माझा वाघ! घिस्सा डावावर चितपट केलं! भगवा फेटा बांधलाय बघ त्याला!"

युवराज माझ्यासमोर अजून अंगाला माती चोळत होता.

घरी चित्र अर्धा मिनिट उशिराच पोचतं. मैदानाच्या आधी कधीच नाही. मला हसू आलं. आई जुनी कुस्ती बघत असणार. तरी लॅपटॉपवर किल्ल्यांच्या नोंदी उघडल्या. घरच्या बॉक्सनं चार वाजून दहा मिनिटांची किल्ली घेतली होती. ती तर अजून तयारच झाली नव्हती!

माझ्या कुलपाला हात लावायची कुणाची टाप? रागानं मी लॅपटॉपवरून तो बॉक्सच बंद केला.

कुस्ती लागली. सातव्या मिनिटाला युवराजनं घिस्सा मारला आणि समोरचा गडी चितपट. अख्खं मैदान उठलं. गावानं त्याला खांद्यावर घेतलं, कुणीतरी भगवा फेटा बांधला. माझा ऊर भरून आला. कसली किल्ली न् कसलं काय, मी तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. माझा भाऊ!

मग घड्याळाकडे बघितलं. चार दहा झाले होते. आई दहा मिनिटं पुढचं बघत होती.

मी फोन लावला.

"आई, बॉक्स बंद केलाय मी."

"बंद कुठं? चालूच हाय की."

"आता काय दिसतंय?"

"मैदान रिकामं झालंय. तू एकटीच मातीत बसलीयास." ती टीव्हीजवळ सरकली असावी. "रडायलीस का गं? आणि युवराज कुठं हाय?"

मी मान वर केली. युवराज अजून गर्दीच्या खांद्यांवर उंच डोलत होता.

"खाली उतर रं!" मी किंचाळले.

हलगीच्या कडकडाटात त्याला काही ऐकू गेलं नाही. खांद्यांवरून तो माझ्याकडे बघून हसला आणि जोरजोरात हात हलवत राहिला.