शेवट बसेना

"या मावशींना मी ओळखतो," कॉम्प्युटरवरून नजर न हलवता तो म्हणाला. "मागच्या महिन्यात सोलापूरला होत्या. पुण्यात कधी आल्या?"

दीपमालानं ओढणीनं चष्म्यावरचे थेंब पुसले. बाहेर भाद्रपदातला चुकार पाऊस, बुधवार पेठेत मांडवांची ठोकाठोक, आणि तिचा नेहमीचा डीटीपीवाला गावी गेलेला. म्हणून ती या अनोळखी दुकानात शिरली होती. लेख आजच टाइप करून हवा होता, आणि हा पठ्ठ्या चौकश्या करत बसला होता.

"कुठल्या मावशी?"

"तुमच्या लेखातल्या, पापड लाटणाऱ्या. तिथं बहिणीकडे पेपरात वाचलं मी. तुम्ही त्यांना शनिवार पेठेत आणलंत, पण मंगळवारचा आठवडी बाजार सोबत आलाय. शनिवार पेठेत तो कुठे भरतो, ते तेवढं सांगा. मलाही भाजी घ्यायची असते."

दीपमालाचे कान तापले. पण ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती.

"लेख माझाच आहे. मी एकदा छापायची परवानगी देते, लेख विकून टाकत नाही. सोलापूरचा पेपर पुण्यात वाचतंय कोण?"

"मी वाचतो ना," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

आता यात चोरीमारी काही नव्हती, बरं का. लेख पूर्वी कुठे छापलाय, हे ती प्रत्येक संपादकाला आधीच सांगायची. एका लेखाच्या मानधनात महिन्याचा बसचा पासही धड निघायचा नाही. मैत्रिणी हिंजवडीच्या गाड्यांत बसून नोकरीला जात होत्या, आणि हिला तर लिहिण्यावाचून काही गोड लागत नव्हतं. मग पुरण एकदाच शिजवायचं आणि पोळ्या गावोगाव पाठवायच्या. पुण्याचा लेख नाशिकला, नाशिकचा जळगावला. गावाचं नाव बदलायचं, बाजार बदलायचा, की झालं. कर्वेनगरातलं तिचं आणि आईचं घर यावरच चाललं होतं.

दुकानातला हा उत्तरेश्वर मूळचा बार्शीचा. टाइप करता करता वाचायचा, आणि वाचलेलं विसरायचा नाही. गणपती गेले, दिवाळी अंक निघाले, तरी दीपमालाच्या बुधवार पेठेतल्या फेऱ्या काही थांबेनात.

"तुमचा नेहमीचा माणूस अजून गावाहून आला नाही का?" बिनसाखरेच्या चहाचा कप तिच्याकडे सरकवत त्यानं एकदा विचारलं.

"आला की... कधीचाच."

"मग?"

"त्याला मंगळवारचा बाजार कळत नाही."

त्याची कीबोर्डवरची बोटं बराच वेळ तशीच थबकून राहिली, आणि ते तिनं पाहिलं.

माघातल्या थंडीत नगरच्या एका मासिकानं प्रेमाचा विशेषांक काढायचं ठरवलं. दीपमालाकडे त्यासाठी हुकमी लेख होता. बसथांब्यावर त्याची वाट बघणारी ती... खरा होता तो लेख. कॉम्प्युटरमधला सन दोन हजारचा घोळ निस्तरायला म्हणून तिचा एक इंजिनियर अमेरिकेला गेला, आणि घोळ निस्तरला तरी परत आला नाही. त्या माणसानं दिलं नाही तेवढं त्या लेखानं तिला दिलं होतं. गावोगावी छापून आला होता. या खेपेला तिनं त्यात 'तो'च बदलला. बिनसाखरेचा चहा पिणारा, विचार करताना बोटं थांबवणारा. वाचून उत्तरेश्वर लाजेल, अशी तिची गोड कल्पना.

तो लाजला नाही. लेख टाइप करून झाला, फ्लॉपी बाहेर काढली, आणि ती हातात धरून म्हणाला, "हा मीच ना?"

"हो..."

"आणि माझ्याआधी इथं कोण होतं?"

तिनं फ्लॉपीसाठी हात पुढे केला.

"तुम्ही गावं बदलता, त्याची मला गंमत वाटते," तो हळू म्हणाला. "पण मी काय आहे, दीपमाला? सोलापूरच्या जागी पुणे?"

फ्लॉपी घेऊन ती बाहेर पडली. बसमध्ये तिला रडू आलं. त्याच्या बोलण्याचा राग यावा, तर तोही येईना. त्याचं म्हणणं खरं असेल तर? जुन्या दुःखावर नुसतं नवं नाव चिकटवलं असेल तर? मग हा माणूस गेला, आणि तोही आपल्याच हातानं.

सकाळी ती लेख घेऊन बसली. वाचत गेली, अडखळत गेली, आणि दुपारी थेट त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"द्या फ्लॉपी. छापून देतो," तो खाली बघूनच म्हणाला.

"आणली नाही. लेख देत नाही म्हणून संपादकांना कळवलं."

आता त्यानं वर पाहिलं.

"बसवून बघितलं मी तुम्हाला त्या लेखात," ती म्हणाली. "त्यात तो रोज उशिरा येतो, ती थांबते, आणि शेवटी तो येतच नाही. तुम्हाला त्या थांब्यावर उभं केलं, तर तुम्ही आधीच येऊन बसलेले. वर मलाच विचारताय, अहो, ही बस इथून सुटत नाही, तुम्ही इथे काय करताय?" ती आणखी पुढे आली. "शेवट बसेना, उत्तरेश्वर. तुम्ही त्याच्या जागी नाही. मला तुम्ही आवडता... तुम्हीच."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. उत्तरेश्वरनं स्टूल पुढे ओढलं आणि त्यावरचे कागद उचलून घेतले, तिला बसता यावं म्हणून.

"संपादक रागावले?"

"म्हणाले, मग नवा लिहा. मी म्हटलं, सुरू केलाय, पण शेवट ठाऊक नाही."

"आणि हा गावोगाव पाठवणार? नाव बदलून?"

"हा कुठेच नाही पाठवणार."

हातातले कागद नीट लावत तो म्हणाला, "गाव मात्र एकदा बदलून बघा. बार्शीला बाजार शनिवारी भरतो. आणि... आई घरीच असते."

"गाडी कधी आहे?"

"स्वारगेटहून, सकाळी."

"मी लवकर येऊन थांबते."

"या," उत्तरेश्वर म्हणाला. "मी आधीच आलेला असेन."