लॅकर वाळेपर्यंत

"गिटारचंही एक माणूस धरणार मी, काँग," शेअर टॅक्सीवाला आरशातून म्हणाला. "आडवी पसरलीय ती."

"कुणाच्या मांडीवर बसली तर?" मागच्या सीटवरच्या मुलीने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं ते लांबट ओझं शेजारच्या तरुणाच्या गुडघ्यांवर ठेवून दिलं. "चालेल ना, बाह?"

टॅक्सीवाल्याचं खासी 'काँग' म्हणजे ताई, तिचं 'बाह' म्हणजे दादा; बानशानला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायलाही थोडं बळ लागतं, आणि दिवसभर कचेरीत जुन्या फायली संगणकावर चढवून ते संपलेलं होतं. शिलाँगचा सप्टेंबरातला पाऊसही त्याच्यासारखाच दमून, केवळ सवयीने पडत होता. वळणावर टॅक्सी कलली, प्लास्टिक सरकलं आणि त्याला गिटारच्या मानेवरची भेग दिसली. रंगाचे पोपडे उडालेले, खुंट्या गंजलेल्या.

"कुठे नेताय?" त्याने विचारलं. परक्या माणसाशी तो आपणहून बोलला, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"सुताराकडे."

"सुताराकडे नका नेऊ."

"का? लाकूडच आहे की."

"लाकूडच आहे... पण तो खिळा मारेल."

ती हसली. भिजलेल्या केसांतून एक थेंब निघून तिच्या कानाच्या पाळीवर थांबला, आणि बानशानने घाईघाईने खिडकीबाहेर पाहिलं.

तिचं नाव रिडालिन. जायावला राहायची, शाळेत तिसरीला शिकवायची. गिटार तिच्या मामांची. दोन पावसाळे ती माळ्यावर पडून होती आणि वरचा पत्रा गळत होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मामा आता निवृत्त झाले होते आणि पुन्हा वाजवावं म्हणत होते.

"पण थंडी पडायच्या आत हवी," ती म्हणाली. "त्यांची बोटं आखडत चाललीयत. डॉक्टर म्हणतात, हिवाळ्यात आणखी आखडतील."

"मी करून देतो," बानशान म्हणाला. "घरीच करतो मी."

एके काळी त्याचा चौघांचा बँड होता. तिघे दिल्ली-बंगळूरला निघून गेले. त्याच्याकडे उरली ती हत्यारं. मावखारमधल्या घराच्या मागच्या पडवीत तो लोकांच्या गिटारी दुरुस्त करी. स्वतः वाजवणं मात्र कधी सुटलं, ते त्यालाही नेमकं सांगता आलं नसतं.

पहिले दोन आठवडे गिटारचं धड स्वयंपाकघरातल्या चुलीपासून हातभर अंतरावर नुसतं सुकत राहिलं. मग त्याने भेगेत सरस भरून शिकंजे आवळले, पोपडे खरवडले, खड्ड्यांत पुट्टी भरली. रिडालिन दर शनिवारी शाळा सुटली की येऊ लागली. आधी पाहायला म्हणून, नंतर पॉलिश पेपर हातात घेऊन.

"आडवं नको घासू," तो म्हणाला. "लाकडाच्या रेषेबरोबर जा."

"वर्गातल्या पोरांना मी हात धरून दाखवते."

"ती लहान असतात..."

"आणि तू भित्रा आहेस." 'बाह' आणि 'तुम्ही' कधीच मागे पडले होते. "धर की! चावत नाही मी."

त्याने धरला. लाकडाचा पिवळसर भुसा दोघांच्या बोटांवर सारखाच बसला होता. काही वेळ ते बरोबर घासत राहिले; वर पत्र्यावर पाऊस वाजत होता.

ऑक्टोबरात तिच्या हट्टापायी त्याने दमट हवेतच लॅकरच्या रोगणाचा पहिला हात फवारला. पाहता पाहता चकचकीत थर दुधासारखा पांढरा पडला.

"हे काय झालं रे?"

"हवेतलं पाणी आत अडकलं."

"म्हणजे मोतीबिंदू!" ती इतकी गंभीरपणे म्हणाली की तो किती दिवसांनी मोठ्याने हसला. "आता?"

"आता पुसायचं. आणि कोरड्या हवेची वाट पाहायची."

"मी चुकले. पण मामांना तू सांग हं, आभाळ चुकलं म्हणून."

नोव्हेंबर लागला आणि आकाश स्वच्छ निळं झालं. डोंगरउतारावर संत्री पिकली. बानशानने रोज सकाळी एक असे लॅकरचे हात दिले, वाळू दिले, घासून आरशासारखे केले. गंजलेल्या खुंट्या बदलल्या, नव्या तारा चढवल्या. एका गुरुवारी गिटार पूर्ण झाली. त्याने एकच सूर हलकेच छेडून पाहिला. तो इतका स्वच्छ आला की त्याला भीती वाटली. त्याने गिटारवर चादर टाकली.

शनिवारी रिडालिन आली. "झाली?"

"अजून... वाळायचीय. वरून वाळते, आतून वेळ लागतो."

दुसऱ्या शनिवारीही तो हेच म्हणाला. तिसऱ्या शनिवारी तिने चादरीखाली बोट घालू पाहिलं, तेव्हा "डाग पडेल!" म्हणत त्याने तिचं मनगट धरलं, आणि धरायला हवं होतं त्याहून थोडं अधिक वेळ धरून ठेवलं. मग ते पायरीवर उन्हात बसले. तिने संत्र्याच्या फोडी सोलून अर्ध्या त्याच्यापुढे ठेवल्या. त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यांत सुखाचा महिना होता. रात्री मात्र अंथरुणावर पडलं की मामांची न पाहिलेली बोटं त्याच्या डोळ्यांसमोर येत, आणि सकाळी तो आधीपेक्षा अधिक थकून उठे.

चौथ्या शनिवारी ती आली, पण बसली नाही.

"आज मामांच्या शर्टाची बटणं मी लावली," ती म्हणाली. "अजून किती दिवस रे?"

त्याने चादरीकडे पाहिलं. 'थोडेच' हा शब्द ओठांवर तयार होता...

"झालीय," तो म्हणाला. "तीन आठवडे झाले."

तिने चादर उचलली. गिटार पिकल्या संत्र्याच्या रंगाने झळकत होती. रिडालिनने बोट टेकवून पाहिलं; डाग पडला नाही.

"माझे तीन शनिवार तू मागितले असतेस, तर मी दिले असते," ती हळू आवाजात म्हणाली. "मामांचे तीन शनिवार कुणाला विचारून घेतलेस?"

ती निघाली. तो गिटार उचलून तिच्या मागोमाग जायावची चढण चढू लागला. वाटेत ती एकदाही वळली नाही.

ब्राइटस्टार मामा अंगणात वेताच्या मोड्यावर उन्हाला बसले होते. त्यांनी आधी रीतीप्रमाणे क्वाय पुढे केली. पानसुपारी घेतल्यावाचून त्या घरात कुणाशी बोलणं सुरू होत नसे. मग त्यांनी गिटार मांडीवर घेतली.

"आरशासारखी केलीस की रे! माझं थोबाड दिसतंय यात. हे तेवढं दुरुस्त करायचं राहिलं तुझ्याकडून."

डाव्या हाताची पहिली दोन बोटं पडद्यांवर नीट बसली. तिसरं आलं नाही. त्यांनी उजव्या हाताने ते दाबून बसवलं. ते पुन्हा उठलं. तार नुसतीच थरथरली.

रिडालिनने बानशानकडे पाहिलं. तिने सांगितलं नसतं, हे त्याला कळलं. म्हणून त्यालाच सांगणं भाग होतं.

"मामा, ही तीन आठवड्यांपूर्वी तयार होती. मी दिली नाही."

"का?"

"दिली असती, तर... रिडा यायची थांबली असती."

मामा त्या बोटाकडे पाहत राहिले. "तीन आठवड्यांपूर्वी हे येत होतं," ते म्हणाले. त्या स्वरात राग असता, तर बानशानला ते सोसलं असतं.

तो जमिनीवर बसला. गिटार मागून घेतली आणि एकेक तार सैल करत, कान लावत, सगळ्या तारा अशा लावल्या की मोकळ्या छेडल्या तरी एक भरलेला सूर यावा. तारांखालची घोडी थोडी वर उचलली. मग मामांच्या औषधाची रिकामी काचेची बाटली मागून घेतली आणि त्यांच्या करंगळीत चढवली.

"आता बोट वळवायचं नाही. दाबायचंही नाही. काच तारांवर नुसती सरकवायची."

मामांनी सरकवली. सूर कण्हत वर चढला आणि मध्येच घसरला.

"हे तर रडतंय रे!"

"सवयीने गाईल."

मामांनी पुन्हा सरकवली. पुन्हा. "माझं वाजवणं हे नव्हे," ते स्पष्टच म्हणाले. पण काच त्यांनी करंगळीतून काढली नाही. "दाखव परत. कुठे थांबायचं असतं?"

ऊन उतरेपर्यंत बानशान दाखवत राहिला. निघाला तेव्हा रिडालिन फाटकापर्यंत आली. आत काचेखाली सूर चाचपडत होता.

"रिडा," तो म्हणाला, "मला तू आवडतेस. गिटारचा त्यात काही संबंध नाही."

"हे एवढंच तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

"भीती वाटत होती."

"आणि आज नाही वाटत?"

"आज इतका दमलोय... की भ्यायलाही त्राण नाही."

तिने हसू दाबलं; ते पुरतं दबलं नाही.

"मी अजून रागावलेली आहे," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी घरातली धाकटी मुलगी. आपल्या खासी रीतीने हे घर मलाच सांभाळायचंय, लग्न करूनही मी कुठे जायची नाही. यायचं तर तुलाच इथे राहायला यावं लागेल... हे कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"मग ऐक. शनिवारी ये, ते मामांसाठी. माझ्याकडे बघत बसायचं नाही, शिकवायचं." तिने त्याच्या बाहीवरची लॅकरची वाळलेली खपली नखाने काढली आणि क्षणभर बाही तशीच धरून ठेवली. "आणि रविवारी चर्च सुटलं की ये. ते माझ्यासाठी. दोन्ही एकात मिसळायचं नाही."

"येईन," तो म्हणाला. "दोन्ही दिवस."

"उद्याच रविवार आहे," ती म्हणाली, आणि फाटक न लावताच आत गेली.