थडग्यावरचा धाकटा टोबायस

खाजरी झुडपं उपटताना रूफसनं तिसऱ्यांदा बोंब ठोकली, तेव्हा हेस्टर मान वर न करता म्हणाली, "हातमोजे खिशात ठेवायला दिलेले नाहीत रे. हातात घाल ते."

"घातले की पकड येत नाही," रूफस म्हणाला.

"आणि नाही घातले की बोंब येते," ब्रॉनवेन म्हणाली.

हेस्टर आणि रूफस ही बहीणभावंडं दर उन्हाळी सुट्टीत विकस्टो गावी डिलिस आत्याकडे यायची, आणि शेजारची ब्रॉनवेन हातातलं काम टाकून त्यांच्यात सामील व्हायची. यंदा मात्र तिघांनाही चर्चच्या दफनभूमीत कामाला जुंपलं होतं. गावात शनिवारी समारंभ होता. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी इथे टोबायस ऑर्म नावाचा औषधवाला होऊन गेला. स्वतः औषधं कुटायची, घोटायची आणि रोग्याच्या उशाशी बसून पाजायचीही, असा त्याचा धंदा. गावात तापाची साथ आली आणि मोठे डॉक्टर बग्गीत बसून निघून गेले, तेव्हा हा एकटा मागे राहिला. त्याच्या नावाची पाटी आता लागणार होती, आणि त्यासाठी त्याच्या वंशातल्या मिसेस व्हेली कॅनडाहून यायच्या होत्या. मुलं साफ करत होती ते थडगं त्याच्या आईवडिलांचं, म्हणजे ऑर्म हाऊसच्या जमीनदार ऑर्म दांपत्याचं. निदान समारंभ समितीचे अध्यक्ष मिस्टर क्रॅडॉक तसं सांगत.

झुडपं निघाली तशी दगडाखालची मातीही सुटली. ब्रॉनवेननं ब्रश फिरवला आणि ती थांबली. आईवडिलांच्या नावांखाली आणखी दोन ओळी होत्या, इतकी वर्षं मातीत गेलेल्या. हेस्टरनं बोट फिरवत एकेक अक्षर लावलं. 'तसेच वरील दोघांचा मुलगा टोबायस, वयाच्या तिसऱ्या वर्षी.' साल आईवडिलांचंच होतं. १७१४.

रूफस म्हणाला, "तिसऱ्या वर्षी गेलेल्या माणसानं औषधं कधी कुटली?"

मुलं तशीच मातीच्या हातांनी मिस्टर क्रॅडॉकांकडे गेली. ऑर्म हाऊसमध्ये आता त्यांचंच हॉटेल होतं आणि पाटीही त्याच्याच दारावर लागणार होती. ते खुर्चीवर उभे राहून पाटीसाठी पडदा टांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं, हसले, आणि जुने पाथरवट काय वाटेल ते कोरून ठेवत असं सांगितलं. टोबायसच्या बाप्तिस्म्याची नोंद आपण स्वतः शोधली आहे, फलक छापून झाले आहेत, आणि म्हाताऱ्या पाहुणीच्या कानावर असलं काही घालायचं नाही, हेही बजावलं. वर प्रत्येकाला एक बिस्किट दिलं.

"बिस्किट मऊ पडलं होतं," बाहेर आल्यावर रूफस म्हणाला. त्याला खरा राग त्याचाच आला होता.

डिलिस आत्यानं मात्र हसण्यावारी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तिघांना बसमध्ये घातलं आणि जिल्ह्याच्या अभिलेखागारात नेलं. तिथल्या मिस पार्गेटर या उंच, शिडशिडीत बाईंनी आधी मुलांचे हात धुवायला लावले, पेनं काढून घेऊन पेन्सिली दिल्या आणि मगच विकस्टो चर्चच्या दफनाच्या नोंदी संगणकाच्या पडद्यावर आणल्या. दगड खोटं बोलत नव्हता. १७१४च्या एकाच हिवाळ्यात ऑर्म हाऊसमधून तीन जण गेले होते: आई, वडील आणि छोटा टोबायस. घरात दुसरं मूलच नव्हतं. मिस्टर क्रॅडॉकांनी बाप्तिस्म्याची नोंद पाहिली होती, पण ते मूल जगलं का, हे पाहिलं नव्हतं.

"मग आपला औषधवाला कोण?" हेस्टरनं विचारलं.

"औषधवाला व्हायला गुरूच्या दुकानात वर्षानुवर्षं उमेदवारी करावी लागे," मिस पार्गेटर म्हणाल्या. "आणि उमेदवारीच्या करारात मुलाच्या बापाचं नाव लिहावंच लागे. चला, बाप शोधू या."

त्याला जवळजवळ सगळी दुपार गेली. वेडीवाकडी अक्षरं वाचून डोळे चुरचुरायला लागले. शेवटी ब्रॉनवेनला तो करार सापडला: टोबायस ऑर्म, वय चौदा, नेटलफर्डच्या विल्यम ऑर्म नावाड्याचा मुलगा. नेटलफर्ड म्हणजे नदीवर पुढे असलेली छोटी वस्ती. पण हा तोच टोबायस कशावरून? मिस पार्गेटरनी औषधवाल्याचं मृत्युपत्र आणलं आणि करारापाशी ठेवलं. दोन्ही सह्यांमध्ये 'टी'चं शेपूट खाली वळून पूर्ण नावाखालून गेलं होतं. एक सही कोवळ्या हाताची, दुसरी थरथरत्या. मृत्युपत्रात त्यानं नेटलफर्डच्या बहिणीला आपला उत्तम खल ठेवला होता. त्याच्या ज्या मुलीच्या वंशात मिसेस व्हेली जन्मल्या, तिचंही नाव तिथे होतं.

येताना बसमध्ये वाद झाला. रूफसचं म्हणणं, शनिवारी सगळ्या गावासमोर सांगायचं, म्हणजे मिस्टर क्रॅडॉकांची चांगली जिरेल. हेस्टरला ते पटेना. एवढ्या लांबून येणाऱ्या बाईंचीही त्यात चारचौघांत शोभा होणार होती.

"आधी त्यांना एकट्यांना सांगायचं," ती म्हणाली. "पुढचं त्या ठरवतील."

मिसेस व्हेली शुक्रवारी आल्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, पण हॉटेलच्या दिवाणखान्यात त्या आखडून बसल्या होत्या आणि मिस्टर क्रॅडॉक क्षणभर बाजूला होत नव्हते. इतक्यात रूफस धापा टाकत आला आणि पुलावरच्या कापडी फलकाचं एक टोक सुटून तो नदीवर लोंबतोय असं त्यानं कळवलं. हे अगदी खरं होतं. ते टोक ब्रॉनवेननं नुकतंच सोडलं होतं. मिस्टर क्रॅडॉक धावत सुटले.

हेस्टर बाईंच्या शेजारी बसली. जमीनदार तुमचे कोणी नव्हते, हे घर तुमचं नव्हतं, पण टोबायस तुमचाच, तो नावाड्याचा मुलगा होता, हे तिनं सांगितलं आणि नकलेचे कागद पुढे ठेवले. मिसेस व्हेलींनी त्या सहीवरून हळूच बोट फिरवलं. हेस्टरला वाटलं, आता या रडणार.

"मला आल्यापासून वाटतंय, इथे नीट बसताही येत नाही," त्या अखेर म्हणाल्या. "माझे आजोबा मासे धरायचे. आमच्यात जमीनदार आला कुठून, हे घरात कुणालाच कळत नव्हतं." मग त्यांनी विचारलं, "आणि तो छोटा? त्याचं मागे कोणी उरलं नाही?"

"नाही," हेस्टर म्हणाली. "कोणीच नाही."

शनिवारी पाटी लागलीच नाही. मिसेस व्हेलींनी मिस्टर क्रॅडॉकांना सगळं आपल्या तोंडानं सांगितलं, तेही इतक्या हळुवार आवाजात, की त्यांना चिडताही येईना. ते कानापर्यंत लाल झाले. जमलेल्या गावापुढे उभं राहून त्यांनी सांगितलं, की आपण एक ओळ वाचली आणि पुढचं पान उलटलंच नाही, ते या तिघांनी उलटलं. पाटी आता नेटलफर्डच्या धक्क्यावर लागेल, आणि तिचा मजकूर आधी या मुलांना दाखवला जाईल. टाळ्या पडल्या. मिस पार्गेटर मुद्दाम आल्या होत्या. सुट्टीत कधीही या, म्हणाल्या, फक्त हात धुऊन. डिलिस आत्यानं तिघांच्या खांद्यांभोवती हात टाकला तो बराच वेळ काढला नाही.

संध्याकाळी मिसेस व्हेली मुलांना घेऊन दफनभूमीत गेल्या. रूफसनं या वेळी हातमोजे घालून उरलीसुरली खाजरी झुडपं उपटली, आणि बाईंनी आणलेली फुलं स्वच्छ झालेल्या दगडाशी ठेवली, अगदी खालच्या ओळीपाशी. मग पिशवीतून वंशावळीचा मोठा कागद काढला, जमीनदार ऑर्मची नावं खोडली, नावाड्याचं नाव हेस्टरकडून लिहून घेतलं आणि पेन्सिल रूफसच्या हातात दिली.

"इथे कडेला या छोट्याचंही नाव लिही," त्या म्हणाल्या.

"पण हा तुमचा कोणीच लागत नाही," रूफस म्हणाला.

"माहीत आहे. तरी लिही."

रूफसनं हातमोजे काढले आणि होता होईल तितक्या चांगल्या अक्षरात लिहिलं.